तान्ह्या पोळ्याची चिठ्ठी

सर, तुम्ही गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. भाजी निवडायला घेते, अर्धी निवडून उठते. गॅलरीत जाते, तुळशीला दुसऱ्यांदा पाणी घालते, परत येते. लेक म्हणते, "आई, तू बस न जरा. तुझ्याकडे पाहून मले चक्कर येऊन राहिली." तिला काय सांगू? सर गेले म्हणून रडू येतं ते वेगळं. ते येतं आणि जातं. हे दुसरं काहीतरी आहे, पायात शिरलेलं.

मी तुमच्याशी खोटं बोलले, सर. आणि शेवटचं जे बोलले तेच खोटं.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात तुम्ही खिडकीजवळच्या खाटेवर होते. नाकाला नळी, बोलायची मनाई. वहिनी औषध आणायला खाली गेल्या होत्या. मी स्टूल ओढून बसले आणि माझ्या सवयीप्रमाणे बडबड सुरू केली. दवाखान्याच्या दारात बकुळीचं झाड आहे, कोणी बुंध्याला खिळे ठोकून पाटी लावली आहे, तुम्ही उठले की आधी त्यांना झापा, असलं काहीबाही. तुम्ही डोळे उघडले. मला ओळखलं. आणि डाव्या तळहातावर उजव्या हाताचा अंगठा दाबून धरला.

दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, हात दुखतो आहे, नर्सला बोलवा. मला कळलं. चिठ्ठीला डिंक लावून ती शीटवर ठेवली की तुम्ही असाच अंगठा दाबून उभे राहायचे, तोंडातल्या तोंडात वीसपर्यंत मोजत. तुम्ही विचारत होते, लावली का?

मी म्हणाले, "लावली, सर."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग डोळे मिटले. तेवढ्यात वहिनी आल्या, डॉक्टर आले, मी उठले. चार दिवसांनी फोन आला.

आता तुम्ही ते खरं मानलं, की अनुसयाबाई पुन्हा थाप मारून राहिल्या हे ओळखून डोळे मिटले, हे मला कोण सांगणार?

काल कॉलेजात तुमची शोकसभा झाली. हॉल भरला होता. मी मागच्या रांगेत, पंख्याखाली. आपली पल्लवी आता विभागप्रमुख आहे, तीच बोलायला उभी राहिली. दोन वेण्या घालून यायची ती, बेडूक कापायचा नाही म्हणून तिनं वनस्पतिशास्त्र घेतलं होतं. चांगली बोलली. रडली पण. आणि मग तिनं पडद्यावर एक चित्र दाखवलं. कोणतं असेल? आपली दवबिंदूची शीट. एवढीशी झाडं ती, रुपयाच्या नाण्याएवढी, आणि पडद्यावर माझ्या सुपाएवढी दिसत होती. एका पानाला वर्तमानपत्राचा तुकडा चिकटलेला आहे, त्याच्यावरची "साड्यांचा" ही अक्षरंसुद्धा वाचता येत होती. कोणाचं लक्ष नव्हतं. माझं सगळं लक्ष तिथंच. नाही, तिथं नाही. खाली उजव्या कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर.

पल्लवी म्हणाली, किडे खाणारी ही वनस्पती आपल्या कॉलेजच्या यादीत पहिल्यांदा आली ती सरांमुळे. बुटीबोरीजवळच्या तळ्याच्या काठी सरांनी गुडघे टेकून ती शोधली. विभागानं ठरवलंय, या शीटचा मोठा फोटो फ्रेम करून दारावर लावायचा, खाली सरांचं नाव. शुक्रवारी फ्रेमवाला येणार आहे.

लोकांनी मान हलवली. माझ्या शेजारी एक पोरगी बसली होती, ती म्हणाली, "किती ग्रेट न!" मी म्हणाले, "हो." आणि मला घाम फुटला.

कारण सर, ती चिठ्ठी खोटी आहे. आणि ती मी लिहिली आहे. हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. आता एकच उरलं.

तुम्हाला सगळं माहीत असलं तरी मी पहिल्यापासून सांगणार. तुम्ही मध्येच तोडायचे, "अनुसयाबाई, मुद्द्यावर या." आता तोडता येत नाही, तर ऐका.

माझे हे गेले तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. तुमच्याच प्रयोगशाळेत ते परिचर होते, त्यांच्या जागेवर मला घेतलं. सातवी पास. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलं, "अक्षर कसं आहे?" मी म्हटलं, "बरं हाय." तुम्ही फळ्यावर एक लांबलचक लॅटिन नाव लिहिलं आणि म्हणाले, "हे उतरवा." मला एबीसीडी यायची तेवढीच. मी रांगोळी उतरवावी तसं एकेक अक्षर उतरवलं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून पाहिलं आणि म्हणाले, "माझ्यापेक्षा चांगलं आहे." त्यात काय मोठं, सर! तुमचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं. पण त्या दिवसापासून कपाटातल्या सगळ्या चिठ्ठ्या माझ्या हातच्या.

घरी कोणी विचारलं, काय काम करते वं तू, तर मी सांगायची, झाडांचा फोटो अल्बम आहे, तो सांभाळते. फांदी वर्तमानपत्रात दाबायची, लाकडी चौकटीत पट्ट्यांनी आवळायची, रोज कागद बदलायचे, नाही तर बुरशी. वाळलं की जाड शीटवर टाके घालून बसवायचं, आणि खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी. झाडाचं नाव, जागा, तारीख, गोळा कोणी केलं, ओळखलं कोणी. कागद बदलताना तुम्ही ते वर्तमानपत्र वाचत बसायचे. म्हणून तुम्हाला सगळ्या बातम्या दोन वर्षं उशिरा कळायच्या आणि स्टाफरूममध्ये तुम्ही जुन्याच मंत्र्यांवर चिडायचे.

आणि तुमचा तो नियम. चिठ्ठीत चूक सापडली तरी ती चिठ्ठी काढायची नाही. खोडायची नाही. तिच्या शेजारी नवी चिठ्ठी लावायची, आपलं मत लिहायचं, खाली सही आणि तारीख. मी विचारलं होतं, "चुकीची हाय तर ठेवायची काहून?" तुम्ही म्हणाले, "उद्या तुमचीच चूक निघाली तर? दोन्ही राहू द्या. वाचणारा ठरवेल." मला ते फार आवडलं होतं. आमच्या घरात चूक झाली की आधी पुसायची आणि मग "मी नाही केलं" म्हणायचं, अशी पद्धत.

दवबिंदू मला सापडला तो नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. माझं माहेर बुटीबोरीच्या पलीकडे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, लेकरांच्या तान्ह्या पोळ्याला, पोरीला घेऊन गेले होते. भावाच्या पोरांना लाकडी बैल सजवायला मातीचा गोळा पाहिजे होता, म्हणून तळ्यावर गेले. काठच्या ओल्या मुरमावर लाल लाल दिसलं. ते मला लहानपणापासून माहीत होतं. आम्ही पोरी त्याला चिकटोबा म्हणायचो, मुंगी धरून त्याच्यावर सोडायचो आणि ती कशी अडकते ते बघत बसायचो. तेव्हा वाटलं, आपल्या कपाटात हा चिकटोबा कधी पाहिला नाही. जेवणाच्या डब्यात ओला फडका घातला, मातीसकट पाच-सहा झाडं उचलली.

दुसऱ्या दिवशी डबा उघडून तुमच्यासमोर ठेवला. तुम्ही स्टुलावर बसले. भिंग लावून एकेक पान पाहिलं. मग म्हणाले, "अनुसयाबाई, मी वीस वर्षं या जिल्ह्यात फिरतो आहे. हे मला कधी दिसलं नाही." आणि हसायला लागले. मला वाटलं माझी काही चूक झाली.

चूक पुढे झाली. मी ते साध्या वर्तमानपत्रात दाबलं. चिकट झाडाला मेणकागद लागतो, हे मला काय माहीत! साड्यांच्या जाहिरातीला जाऊन चिकटलं. तुम्ही रागावले नाहीत. म्हणाले, "राहू द्या, सेलमध्ये मिळालं असं समजू."

आणि मग चिठ्ठी. गोळा केलं कोणी, त्या ओळीत तुम्ही माझं नाव सांगितलं. मी म्हटलं, "काहून?" तुम्ही म्हणाले, "तिथं कोण होतं, मी?" इंग्रजीत माझं नाव मला लिहिता येत नव्हतं. तुम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, त्या दिवशी तुमचं अक्षरसुद्धा सुधारलं होतं. मी उतरवलं. त्याच्याखाली, ओळखलं कोणी, तिथं तुमचं नाव. डिंक लावला. तुम्ही अंगठा दाबून वीसपर्यंत मोजलं.

सर, आता जे लिहिते ते तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गावर होते. आपला वासुदेव, दुसरा परिचर, शीट उचलायला आला. त्यानं चिठ्ठी वाचली. बाहेर जाऊन दोघाचौघांना घेऊन आला. म्हणतो, "पाहा न भाऊ! दोघायचं नाव एकाखाली एक. झाडाची चिठ्ठी होय का लग्नपत्रिका होय हे?" ते हसले. एकानं विचारलं, "काय वं अनुसया, अक्षता कवा?"

मी अठ्ठावीस वर्षांची होते. माझे हे जाऊन दोन वर्षं झाली नव्हती. सासू घरी, पोरगी बालवाडीत. त्या नोकरीवर तिघींचं चालायचं. तुम्ही मला पुस्तकं देता, झाडांची नावं शिकवता, सहलीच्या बसमध्ये वाट दाखवायला पुढे बसवता, यावर आधीच कुजबुज होती. तुमच्यापर्यंत ती येत नव्हती. तुमच्यापर्यंत बातम्या दोन वर्षं उशिराच जायच्या.

सगळे जेवायला गेल्यावर मी ओला कापूस घेतला. चिठ्ठीच्या कडांना लावत बसले. अर्ध्या तासानं ती अख्खी निघाली. सिंकमध्ये टाकली, नळ सोडला. शाई सुटली, निळं पाणी गेलं. मग नवी चिठ्ठी लिहिली. सगळं तेच, तारीख तीच, जागा तीच. फक्त गोळा केलं कोणी, तिथं तुमचं नाव. अक्षर माझंच, त्यामुळे कोणाला काही कळायचं कारण नव्हतं. अंगठा दाबला, वीसपर्यंत मोजलं. मला वाटलं, संपलं.

तुमचा नियम मी मोडला. जुनी चिठ्ठी काढली. कपाटातल्या हजारो शीटमध्ये ते मी एकदाच केलं, सर.

पाच वर्षांनी पल्लवीनं सेमिनारला ती शीट घेतली आणि सगळ्यांसमोर चिठ्ठी वाचली. मी मागे बाटल्या धुवत होते. तुमचा आवाज आला, "परत वाच." तिनं परत वाचली. वर्ग सुटल्यावर शीट घेऊन सिंकपाशी आले.

"अनुसयाबाई, ही चिठ्ठी कोणी बदलली?"

"मी."

"तान्ह्या पोळ्याला मी बुटीबोरीला? त्या दिवशी मी प्रतापनगरात लेकरांच्या लाकडी बैलांना नंबर देत असतो, सगळ्या गल्लीला माहीत आहे. का बदलली?"

"मले नाव नको."

"तुम्हाला काय हवं ते मी विचारलं नाही. तळ्यावर कोण होतं?"

"मी होती."

"मग तसं लिहा."

"तुम्हीच लिहा न, सर. तुमच्या हातानं लावा."

"मी लावली तर लोक म्हणतील, सरांचा मोठेपणा. मला त्यात मोठेपणा नको. खोटं तुमच्या हातचं आहे, दुरुस्तीही तुमच्या हातची व्हायला पाहिजे."

मी म्हटलं, "बरं." आणि लावली नाही.

तुम्हाला वाटत राहिलं, ही बाई उगाच लहान होऊन राहते, परिचर म्हणून स्वतःला कमी समजते. त्यावर तुम्ही मला किती भाषणं दिली! मी मान खाली घालून ऐकायची आणि मनात म्हणायची, सर, तसं नाही हो. पण लग्नपत्रिका हा शब्द मी तुमच्या तोंडावर कसा काढणार होते? काढला असता तर तुम्ही वासुदेवाला झापलं असतं, त्यानं चार ठिकाणी आणखी सांगितलं असतं, आणि तुम्ही माझ्याशी बोलताना आधी इकडेतिकडे पाहायला लागले असते. ते मला नको होतं. त्यापेक्षा तुम्ही मला भित्री समजलं तर चालेल, असं मी ठरवलं. वासुदेव पण आता नाही. वाईट नव्हता तो. माझ्या पोरीच्या लग्नात पंगतीला त्यानंच वाढलं, घाम पुसत पुसत. हसण्यावारी बोलला आणि विसरला. विसरले नाही ती मी.

मग ते तुमचं विचारणं सुरू झालं. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आले, "चिठ्ठी लावली?" तुमच्या निरोपसमारंभात हार गळ्यात, फोटोवाला समोर, आणि तुम्ही हळूच, "चिठ्ठी?" माझ्या निरोपसमारंभाला तुम्ही काठी टेकत आले, तुमचं भिंग माझ्या हातात ठेवलं, पितळेच्या घडीचं, आणि पुन्हा तेच. मी म्हणायची, "लावते न सर, हेच काम आहे मले?" नंतर ती आपली गंमतच झाली. निदान मला तसं वाटायचं. तुम्हाला?

पण एक विचारू? रागवायचं नाही. तुम्ही तरी काय केलं? दरवर्षी नवी पोरं ती शीट पाहायची, चिठ्ठी वाचायची, आणि "सर, तुम्ही शोधलं?" म्हणून डोळे मोठे करायची. तुम्ही हो म्हटलं नाही. पण नाही तरी कुठं म्हटलं? नुसतं माझ्याकडे पाहायचे. मी बाटल्या धुवायची. मी खोटं लिहिलं, मान्य. तुम्ही त्याच्याशेजारी गप्प उभे राहिले, ते काय होतं? एवढा हट्ट! तुम्ही एकदा चार पोरांसमोर सहज बोलून गेले असते, तर काल पल्लवी तसं बोलली नसती. हे भांडण मला तुमच्याशी करायचं होतं, सर. चहा घेऊन, समोर बसून. तुम्ही घाई केली.

आता मी काय करू? गप्प बसले तर माझं खोटं काचेत जाऊन दारावर टांगलं जाईल, तुमच्या नावानिशी, तुम्हालाच नको होतं ते. बोलले तर लोक म्हणतील, पाहा, माणूस जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत, आणि ही त्याच्या नावातलं काढून घ्यायला आली. म्हातारपणी बाईला हाव सुटली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कोणी विचारलं, "मावशी, तेव्हा काहून बदलली?" तर?

इथपर्यंत लिहून वही मिटवली होती. त्या दिवशी पुढे सुचलंच नाही.

बुधवारी प्रतापनगरला गेले. म्हटलं, आधी वहिनींना सांगावं. त्यांच्या माणसाचं नाव आहे, त्यांनी नको म्हटलं तर विषय संपला. खरं सांगू, त्यांनी नको म्हणावं असंच वाटत होतं.

वहिनी तुमच्या खोलीत बसल्या होत्या, तुमची स्कूटर विकायची की नाही यावर पोरांशी फोनवर बोलत. डिक्की उघडली तर त्यात अजून वाळलेला पाला निघाला म्हणे. मी सगळं सांगितलं. चिकटोबा, डबा, चिठ्ठी. लग्नपत्रिकेपाशी अडखळले. म्हटलं आता आलेच आहे, सांगून टाकावं. मान खाली घालून सांगितलं.

वहिनींनी तोंडाला पदर लावला. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडतात. हसत होत्या, सर!

"लग्नपत्रिका? या माणसाबरोबर? बाई गं, वाचलीस तू," त्या म्हणाल्या. मग खरंच रडल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "इतकी वर्षं हे पोटात धरून बसलीस? मला तरी सांगायचंस."

"कसं सांगू, वहिनी? तुमालेच कसं सांगू?"

"हेही खरंच." त्यांनी तुमच्या टेबलाकडे पाहिलं. "ह्यांचं घरातही असंच होतं. नळ मी उघडा ठेवला, तर बंद करायला मीच यायचं. हे शेजारी उभे, पाणी वाहतंय आणि हाका मारतात. मी कितीदा म्हटलं, अहो, हात लावला तर झिजाल का?" आणि मग, "लाव तू चिठ्ठी. एकदा काच बसली की फोडायला लागेल."

"लोक काय म्हणतीन?"

"म्हणू दे. तान्ह्या पोळ्याला हा माणूस गल्ली सोडून गेला नाही एकदाही. माझ्या मोठ्या मुलाला त्या दिवशी ताप होता, तरी आधी बैलांचे नंबर, मग डॉक्टर. भांडले होते मी. कोणी विचारलं तर माझ्याकडे पाठव."

शुक्रवारी सकाळी नऊलाच मी विभागात. जिने चढताना दोनदा थांबले. डांबरगोळ्यांचा तोच वास, सर. पल्लवी टेबलावर शीट काढून बसली होती, फ्रेमवाला अकराला येणार होता.

मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. बसले असते तर निम्मं राहिलं असतं.

तिचा चेहरा उतरला. "मावशी, मी सगळ्यांसमोर बोलले. सरांच्या घरचे होते, प्राचार्य होते."

"तू चिठ्ठी वाचली, बाई. चिठ्ठीच खोटी होती. तुझा काय दोष?"

"पण सर असताना कोणी काही बोललं नाही. आता सर गेल्यावर..." ती थांबली. पुढचं मनातच ठेवलं, तेवढी ती चांगली आहे. मला ऐकू आलंच. "पुरावा काय आहे, मावशी?"

"पुरावा सिंकमधून गेला."

तिनं कपाळाला हात लावला. मग मी म्हटलं, "तारीख पाहा. त्या दिवशी काय होतं ते पाहा, आणि प्रतापनगरात जाऊन कोणालेही विचार, तान्ह्या पोळ्याले सर कुठं राहत होते."

तिनं मोबाइलवर जुनं पंचांग काढलं. बराच वेळ बोट सरकवत होती. चिठ्ठीकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं. मग स्वतःशीच म्हणाली, "माझ्या भावाला दोनदा पहिला नंबर दिला होता सरांनी. आमचं घर मागच्याच गल्लीत." आणि मला म्हणाली, "पण मावशी, तुम्ही का बदलली होती?"

आला तो प्रश्न. मी वहिनींना सांगितलं होतं, त्यामुळे तोंडाला जरा सवय झाली होती. सांगितलं. ती हसली नाही. तिनं खुर्ची मागे सारली, उठली आणि म्हणाली, "डिंक डाव्या कपाटात आहे. फ्रेमवाल्याला मी सोमवारी यायला सांगते." मान्य केलं की नुसतं नियमाला मान दिला, मला कळलं नाही. विचारलंही नाही. वाचणारा ठरवेल.

चिठ्ठी लिहायला बसले. तुमचं भिंग काढलं. जागेच्या ओळीत त्या तळ्याचं नाव लिहिलं, आता तिथं प्लॉट पडलेत तरी. भाऊ म्हणतो, काठचा मुरूम उचलून कधीच रस्त्यावर घातला. तो चिकटोबा आता या शीटवर आहे तेवढाच. तारीख लिहिली. पुढे कंसात लिहिलं, तान्हा पोळा, सकाळ. गोळा केलं कोणी, तिथं इंग्रजीत माझं नाव, तुम्ही फळ्यावर लिहून दिलं होतं तसं. विसरले नव्हते. मग खाली एक ओळ मराठीत: आधीची चिठ्ठी मीच लिहिली होती, ती खरी नाही. सही. आजची तारीख.

डिंक लावला. आता सत्तरी जवळ आली, तेव्हासारखा हात राहिला नाही. जुन्या चिठ्ठीच्या डाव्या बाजूला नवी ठेवली आणि अंगठा दाबून वीसपर्यंत मोजलं. पल्लवी शेजारी उभी राहून मोजत होती, मला ऐकू येत होतं.

अंगठा उचलला, तर चिठ्ठी वाकडी. चांगली बोटभर वाकडी. डावा कोपरा वर, उजवा खाली, तुमच्या नावाकडे कललेला. एवढ्या वर्षांत माझी एक चिठ्ठी वाकडी गेली नाही, आणि हीच गेली. हात आपोआप ओल्या कापसाकडे गेला होता. पल्लवीनं माझं मनगट धरलं.

"मावशी," ती म्हणाली, "काढायची नसते न."

लावली, सर. वाकडी आहे. आता तशीच राहील.